पाबळचा विज्ञान आश्रम : हाताने शिकण्याचे एक वर्ष

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकांना परिचित असते ते मस्तानीच्या समाधीमुळे. शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र या गावाचे नाव घेतले जाते ते विज्ञान आश्रमासाठी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचे केंद्र म्हणून आश्रमाची स्थापना केली. शाळेत मागे पडलेल्या किंवा शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलामुलींना वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमातून विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकविणे, हे या केंद्राचे मुख्य काम. नावात 'आश्रम' असला तरी येथे प्रवचने होत नाहीत. सकाळपासून ऐकू येतो तो वेल्डिंगचा आणि लोखंड कापण्याचा आवाज.

प्रयोगशाळेतून माळरानावर

कलबाग हे पेशाने अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी १९५५ मध्ये पीएच.डी. मिळविली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि त्यानंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९८२ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या या कमी पावसाच्या गावात बिऱ्हाड हलविले.

पाबळची निवड विचारपूर्वक झाली होती. बागायती, सधन गावात प्रयोग यशस्वी झाला, तर ते यश प्रयोगाचे की पाण्याचे, हे ठरविणे कठीण. महाराष्ट्रातील असंख्य कोरडवाहू गावांसारख्या गावात जे टिकेल, तेच इतरत्र टिकेल, असा संशोधकाचा हिशेब त्यामागे होता. मूल चालायला आणि बोलायला शिकते ते करून, चुकून आणि पुन्हा करून. शाळेत पाऊल टाकताच मात्र ही नैसर्गिक पद्धत बंद पडते आणि तिची जागा पाठांतर घेते. ज्यांना पाठांतर जमत नाही त्यांच्यावर 'नापास' असा शिक्का बसतो. या मुलांची बुद्धी कमी नाही, त्यांना शिकविण्याची रीत चुकीची आहे, हे कलबागांचे गृहीतक होते. ते तपासण्यासाठी त्यांनी उरलेले आयुष्य दिले.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा, म्हणजेच 'नई तालीम'चा, विचार मांडला होता. पाबळने त्यातील 'हाताने शिकणे' हे सूत्र घेतले. मात्र चरख्याच्या जागी वेल्डिंग मशीन, विजेची जोडणी, ठिबक सिंचन आणि पुढे संगणक आणला.

वर्षाचा आराखडा

'डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी' हे या अभ्यासक्रमाचे नाव. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्याला मान्यता दिली. दहावी उत्तीर्ण असण्याची सक्ती नसलेल्या या अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. विद्यार्थी चारही विभागांतून जातो. एकाच कामात पारंगत करण्याऐवजी अनेक कामांची ओळख करून देण्यामागे व्यवहार आहे. गावात केवळ सुतारकामावर वा केवळ वायरिंगवर पोट भरेलच असे नाही. चार कामे येणाऱ्याला मात्र सहसा काम मिळते.

दुसरे वैशिष्ट्य सेवेचे. विद्यार्थ्यांनी केवळ नमुने बनवून मोडीत काढायचे नाहीत, तर गावाला हवे असलेले काम करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. फाटक वाकडे झाले तर शेतकरी ते परत आणून देतो. परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा हा शेरा अधिक लक्षात राहतो. जमिनीची विद्युतरोधकता मोजून भूजलाचा अंदाज देण्याची सेवा आश्रमाने याच विचाराने सुरू केली. विहिरीची जागा ठरविताना ओहमचा नियम कळावा लागतो. एरवी पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटणारे ते सूत्र येथे एखाद्या कुटुंबाच्या कर्जाशी जोडलेले असते. कामासोबत रेखाचित्र, साहित्याचा व मजुरीचा खर्च आणि रोजची नोंदवही हेही शिक्षणाचेच भाग.

रक्ताच्या थेंबातील शास्त्र

गृह-आरोग्य विभागातील ग्रामीण प्रयोगशाळेचे काम या पद्धतीचा उत्तम नमुना ठरावे. माती-पाण्याच्या तपासणीबरोबरच रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणे हा या कामाचा भाग. रोगप्रतिकारशास्त्र हा जीवशास्त्रातील अवघड विषयांपैकी एक. अमेरिकेतील रोगप्रतिकारशास्त्रज्ञांची संघटना संशोधकांसाठी उन्हाळ्यात त्याचे सखोल प्रगत वर्ग भरविते. तेथे पेशींच्या पृष्ठभागावरील रेणूंची चर्चा होते. त्याच शास्त्राचा पहिला धडा पाबळसारख्या ठिकाणी काचेच्या पट्टीवर डोळ्यांना दिसतो.

बोटातून घेतलेल्या रक्ताचे तीन थेंब पट्टीवर ठेवले जातात. एकात 'ए' विरोधी, दुसऱ्यात 'बी' विरोधी आणि तिसऱ्यात 'डी' विरोधी रक्तद्रव मिसळला जातो. तांबड्या पेशींवर संबंधित प्रतिजन असेल, तर रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्याला पकडतात, पेशी एकमेकींना चिकटतात आणि थेंबात गुठळ्या दिसू लागतात. 'ए' आणि 'बी' या दोन्ही थेंबांत गुठळ्या झाल्या नाहीत तर गट 'ओ'. 'डी' थेंबात झाल्या तर 'पॉझिटिव्ह'. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये उलगडलेले आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारे हे शास्त्र दोन-तीन मिनिटांत समोर उभे राहते. प्रतिजन आणि प्रतिपिंड हे शब्द पाठ करावे लागत नाहीत; त्या दोघांची गाठ पडलेली विद्यार्थ्याने पाहिलेली असते.

परंतु चाचणी करता येणे म्हणजे शास्त्र येणे नव्हे. रक्तद्रव थंड जागी न ठेवल्यास तो निकामी होतो आणि गुठळ्या होण्याच्या जागी होत नाहीत. निकाल चुकतो, पण चुकल्याचे दिसत नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी नवी सुई वापरणे आणि वापरलेली सुई सुरक्षितपणे नष्ट करणे, ही शिस्तही तितकीच महत्त्वाची.

या साध्या चाचणीची मर्यादा सांगणारे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत आढळलेल्या एका नव्या रक्तगटाची माहिती 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज तो जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर 'ए' आणि 'बी' तर नसतातच, पण 'ओ' गटात असणारा 'एच' हा मूळ प्रतिजनही नसतो. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा रक्तगट असा असल्याचे मानले जाते. पट्टीवरील चाचणीत अशी व्यक्ती 'ओ' गटाचीच दिसते. तिला 'ओ' गटाचे रक्त दिल्यास मात्र तिच्या शरीरातील 'एच' विरोधी प्रतिपिंडे त्या रक्तावर तुटून पडतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणूनच गावातल्या चाचणीचे कार्ड माहितीपुरते असते. रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत पुन्हा तपासणी व जुळवणी करणे अनिवार्य असते. आपल्या साधनाला काय कळते आणि काय कळत नाही, याचे भान पट्टी हाताळणाऱ्यालाही असावे लागते.

कोंबड्यांच्या शेडमध्ये

हाच विषय शेती-पशुपालनात वेगळ्या रूपाने येतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, कोंबड्यांची अख्खी शेड रिकामी करू शकतो. त्याची पहिली लस पिलांना साधारण पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत थेंब टाकून देतात आणि चारेक आठवड्यांनी पुन्हा मात्रा देतात. एकदा दिलेली लस पुन्हा का, हा प्रश्न हिशेबी शेतकरी हमखास विचारतो. अंड्यातील बलकावाटे आईची प्रतिपिंडे पिलाला मिळालेली असतात. ती पिलाचे रक्षण करतात, पण लसीतील विषाणूलाही काही अंशी निष्प्रभ करतात. दोन-तीन आठवड्यांत ती ओसरतात. म्हणून पुढची मात्रा आवश्यक. पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची तर त्या पाण्यात क्लोरीन असता कामा नये, कारण क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणू मरतो आणि खर्च वाया जातो. 'का' या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेला तरुण आणि केवळ सूचना पाळणारा तरुण यांच्यातला फरक शेडमधल्या नुकसानीत मोजता येतो.

गावापासून जगापर्यंत

अमेरिकेतील 'एमआयटी' या संस्थेचे प्रा. नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'फॅब लॅब' जाळ्यातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ च्या सुमारास पाबळला आली. संगणकाच्या आज्ञेने साहित्य कापणारी, कोरणारी यंत्रे या माळरानावर पोहोचली. 'पाबळ डोम' या नावाने ओळखली जाणारी घुमटाकार घरे, छोट्या शेतकऱ्यासाठी कमी अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हेही आश्रमाचेच प्रयोग. ३० जुलै २००३ रोजी कलबाग यांचे निधन झाले. त्यानंतर डॉ. योगेश कुलकर्णी यांनी संस्थेची धुरा सांभाळली. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस अशाच कामांतून शिकविणारा 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आश्रमाने राज्यातील अनेक शाळांपर्यंत नेला.

तरीही एक अडचण उरतेच. वर्कशॉप, शेती आणि रक्ततपासणी ही 'अभ्यासात कच्च्या' मुलांची सोय आहे, अशी समजूत शहरात आणि गावातही घट्ट आहे. गुणवंत मुलाचे हात स्वच्छच राहिले पाहिजेत, असे पालकांना वाटते. कलबागांचा प्रयोग या समजुतीलाच आव्हान देणारा होता. हाताने शिकणे ही नापासांसाठीची पळवाट नसून सर्वांसाठीची शिक्षणपद्धती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाबळच्या पट्टीवर 'नापास' ठरलेल्या मुलीला गुठळी का झाली हे सांगता येते, आणि शहरातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने कदाचित ती गुठळी कधी पाहिलेलीही नसते. त्या दोघांपैकी विज्ञान कोणाला आले, हा प्रश्न पाबळने विचारून चार दशके उलटली आहेत. गुणपत्रिकेला त्याचे उत्तर अजून देता आलेले नाही.