ग्वांतानामोचे सुटलेले बंदी

ग्वांतानामोचे सुटलेले बंदी : क्यूबातील ग्वांतानामो उपसागराकाठी अमेरिकी नौदलाचा तळ आहे. अफगाण युद्धातले पहिले २० बंदी ११ जानेवारी २००२ रोजी तेथे उतरवले गेले. पुढे ही संख्या ७८० च्या घरात पोहोचली आणि त्यांतले बहुसंख्य खटल्याविनाच सुटले. सुटलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा शस्त्र उचलले, यावरून अमेरिकेत वर्षानुवर्षे वाद झडला.

पुन्हा शस्त्र उचलल्याच्या आरोपाला आधार नाही असे मुळीच नाही. एक पाय गमावलेला अब्दुल्ला मेहसूद मार्च २००४ मध्ये सुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानच्या दक्षिण वझिरिस्तानातील गोमल झाम धरणावर काम करणाऱ्या दोन चिनी अभियंत्यांचे त्याच्या माणसांनी अपहरण केले; सुटकेच्या कारवाईत त्यांतला एक प्राणाला मुकला. जुलै २००७ मध्ये झोब येथे पोलिसांनी घेरल्यावर मेहसूदने स्वतःला उडवून दिले. सईद अल-शिहरी २००७ च्या अखेरीस सौदी अरेबियात परतला. तेथील पुनर्वसन केंद्रातून बाहेर पडून तो येमेनला गेला आणि जानेवारी २००९ मध्ये ‘अरबी द्वीपकल्पातील अल-कायदा’चा उपप्रमुख म्हणून चित्रफितीत झळकला. ग्वांतानामोचा तुरुंग बंद करण्याच्या आदेशावर अध्यक्ष ओबामांनी सही केली ती त्याच सुमारास. त्या चित्रफितीत अल-शिहरीशेजारी बसलेला मुहम्मद अल-औफी मात्र महिनाभरातच सौदी अधिकाऱ्यांना शरण गेला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालकांचे कार्यालय अशांची मोजदाद दोन गटांत करते. हाती असलेल्या माहितीचा कल सहभागाकडे असेल, तर तो माणूस ‘खात्रीशीर’. माहिती शक्यतेतली पण पडताळणी न झालेली किंवा एकाच सूत्राची असेल, तर ‘संशयित’. न्यायालयात सिद्ध होण्याची अट कोणत्याच गटाला नाही. ओबामांच्या कारकिर्दीअखेर सुटलेल्यांतले सुमारे १७ टक्के ‘खात्रीशीर’ होते. पण २००९ पूर्वी सुटलेल्यांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के, तर नंतर सुटलेल्यांत पाच टक्क्यांहूनही कमी. २००९ नंतर प्रत्येकाची फाइल अनेक खात्यांनी एकत्र बसून तपासली होती. हा फरक न सांगता सरसकट आकडा पुढे करणे ही दिशाभूल आहे.

खरी अडचण ‘पुन्हा’ या शब्दात आहे. सीटन हॉल विद्यापीठाच्या कायदेतज्ज्ञांनी २००६ मध्ये संरक्षण खात्याचीच कागदपत्रे चाळली. बंद्यांपैकी अवघे ५ टक्के अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले होते. ८६ टक्क्यांना पाकिस्तानने किंवा अफगाणिस्तानातील तालिबानविरोधी नॉर्दर्न अलायन्सने ताब्यात दिले होते, तेही माणसामागे मोठी बक्षिसे जाहीर झालेली असताना. निम्म्याहून अधिकांवर अमेरिकेविरुद्ध कोणतेही शत्रुकृत्य केल्याचा ठपका नव्हता. जो कधी लढलाच नाही, तो परत लढायला कसा जाईल?

तरीही २००७ मध्ये पेंटॅगॉनने ‘लढ्यात परतलेल्यां’च्या यादीत, ज्यांच्या अनुभवावर मायकेल विंटरबॉटम यांनी चित्रपट केला ते तीन ब्रिटिश तरुण धरले. अल्बानियात आश्रय मिळालेले पाच उईगुरही त्यात होते. हे उईगुर शत्रुसैनिक नाहीत, असा निर्वाळा अमेरिकेच्याच लष्करी न्यायाधिकरणांनी दिला होता. त्यांच्यापैकी एकाने वृत्तपत्रात लेख लिहिला होता, एवढाच काय तो ‘लढा’. निरपराधाने आपली कहाणी सांगणे आणि अपहरण करणे एकाच यादीत बसवणे हा उघड अन्याय होता. पुढच्या नियमांत, नुसते अमेरिकाविरोधी बोलणे किंवा लिहिणे ‘परतणे’ मानू नये, असे स्पष्ट करण्यात आले.

‘परतणे’ या शब्दाचा गुंता पुढेही राहिला. २०१४ मध्ये तालिबानच्या ताब्यातील बो बर्गडाल या अमेरिकी सैनिकाच्या बदल्यात ग्वांतानामोतले पाच तालिबानी नेते कतारला पाठवले गेले. दोहाच्या वाटाघाटींत ते अमेरिकी प्रतिनिधींसमोर बसले. २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर त्यांच्यातला खैरुल्ला खैरख्वाह माहिती व संस्कृती मंत्री झाला, तर अब्दुल हक वासिक गुप्तचर खात्याचा प्रमुख.