काळ्या पाषाणाचे नाते

बेंबळीच्या शिवारात विहीर खणताना माती सरली, की काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा उसळला, त्याचे थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. त्या अग्नीचे उगमस्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारतभूमी उत्तरेकडे सरकत गेली. अग्नी मागे राहिला. त्यानेच पुढे मॉरिशस बेट घडवले. म्हणजे बेंबळीचा खडक आणि मॉरिशसचा खडक एकाच कुळातले.

त्या बेटावर जाणारा प्रवासी क्युरपिप येथील ज्वालामुखीचे निवालेले मुख पाहतो, शामारेलची सप्तरंगी माती पाहतो. निसर्गाचे हे वैभव पाहावेच; परंतु तेथील पाषाणाला मानवी दुःखाचाही इतिहास आहे.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून भारतीय मजूर या बेटावर उतरले. गुलामगिरी संपत आली होती. उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते. १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाखांहून अधिक माणसे कराराने बांधली जाऊन येथे आली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी कुटुंबेही होती. शेतातले काळे धोंडे वेचून त्यांनी ऊस पिकविला आणि आपली भाषा व सण जपले. गणेशचतुर्थीला आज तेथे सार्वजनिक सुटी असते.

नैर्ऋत्येला ल मॉर्नचा कडा उभा आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आश्रय घेत. १८३५ साली मुक्तीची वार्ता घेऊन शिपाई आले, तेव्हा ते धरायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. सुटकेची वार्ताही ज्यांना खरी वाटू नये, त्यांनी काय सोसले असेल!

मुक्त झालेल्या या उपेक्षितांसाठी १८४१ मध्ये फादर झाक लावाल आले. त्यांनी क्रिओल बोली शिकून त्यांच्यात २३ वर्षे सेवा केली. सेंट क्रॉ येथील त्यांच्या समाधीवर दरवर्षी ९ सप्टेंबरला सर्व धर्मांचे लोक जमतात.

आप्रवासी घाटाला २००६ मध्ये व ल मॉर्नला २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. बेंबळीचा कोणी प्रवासी तेथे गेलाच, तर घाटाच्या पायरीवर त्याने क्षणभर थांबावे. तो पाषाण त्याला परका वाटणार नाही. त्यावर उमटलेली पावलेही परकी वाटू नयेत.