पूल राखणाऱ्यांचा शिलालेख कुठे आहे?

१/१२
कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात मानला जातो. त्यांपैकी तीन नद्यांवरील तीन दगडी पुलांच्या वाट्याला तीन निरनिराळी भवितव्ये आली. ही त्या पुलांची, आणि त्यांची निगा राखणाऱ्या अनामिक हातांची कहाणी. #इतिहास #थ्रेड

२/१२
पहिली नदी कोयना. प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार गावाजवळ एक दगडी पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो. पारघाटाने कोकणात उतरणारी जुनी वाट याच परिसरातून जात असे. कित्येक पावसाळे झेलून हा पूल आजही उभा आहे.

३/१२
दुसरी कृष्णा. रास्ते घराण्याने घाट-मंदिरांनी सजवलेल्या वाईत ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ चे आहे. पुढे ब्रिटिश अमदानीत येथे कृष्णेवर दगडी पूल झाला. पिढ्यान्‌पिढ्या वाईकर त्यावरून गेले. अलीकडे तो रीतसर पाडून त्याच्या जागी नवा पूल उभारण्यात आला. या पुलाला निवृत्ती लाभली.

४/१२
तिसरी सावित्री. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील १९२८ चा दगडी पूल महापुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली.

५/१२
त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला होता, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. म्हणजे कागदावर पाहणी झाली होती. प्रश्न होता तो पाहणीच्या दर्जाचा.

६/१२
नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले, आणि बांधणाऱ्यांचे कौतुकही झाले. ते कौतुक योग्यच होते. मात्र जुना पूल जवळजवळ नव्वद वर्षे ज्यांनी तगवला, त्यांचा सत्कार झाल्याची नोंद कुठे आढळत नाही.

७/१२
दगडी पूल अचानक मरत नाही. सांध्यांतला चुना झिजतो, त्या फटीत पिंपळाचे रोप रुजते, त्याची मुळे दगड हलवतात. पाणी निचऱ्याची भोके बुजली की कमानीत पाणी मुरते. पुराचा प्रवाह खांबाच्या तळाची माती उकरतो. ही शेवटची इजा पाण्याखाली असल्याने वरून दिसतच नाही.

८/१२
उपायही साधेच असतात: पावसाळ्यापूर्वी रोपे मुळासकट काढणे, दर्जा भरणे, भोके मोकळी करणे आणि पूर ओसरल्यावर पाया तपासणे. ही कामे मैलमजुरांनी, मुकादमांनी आणि छोट्या स्थानिक कंत्राटदारांनी केली. काम उत्तम झाले तर पुढे काहीच घडत नाही. आणि जे घडत नाही, त्याची बातमी होत नाही.

९/१२
बांधणाऱ्याचा गौरव करण्याची परंपरा मात्र महाराष्ट्रात जुनी आहे. रायगडावर जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. पण त्याच गडाची तळी, तट आणि वाटा वर्षानुवर्षे दुरुस्त करणाऱ्यांसाठी तशी पायरी नाही.

१०/१२
आधुनिक काळातही हाच कल दिसतो. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे नाव होते ‘भारतीय रस्ते विकास समिती’. तिच्या अहवालामुळे पुढे रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस आली. अहवालाचे वर्ष १९२८, म्हणजे महाडच्या पुलाचेच. देखभालीच्या कंत्राटात मात्र आजही मोजमाप होते ते भरलेल्या खड्ड्यांचे. टळलेला अपघात कोणत्या रकान्यात लिहायचा?

११/१२
जगात याचे वेगळे उदाहरण आहे. पेरू देशात आपुरिमाक नदीवरील केस्वाचाका हा गवताच्या दोरांचा पूल गावकरी दरवर्षी नव्याने विणतात. युनेस्कोने २०१३ मध्ये मान्यता दिली ती पूल राखण्याच्या विद्येला आणि विधीला. पूल दरवर्षी बदलतो, पण राखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करतात.

१२/१२
वाईहून वाहत आलेली कृष्णा सांगलीत १९२९ च्या आयर्विन पुलाखालून जाते. तिथली पाण्याची पातळी ४५ फुटांवर गेली की धोका मानतात. २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांपुढे गेली. पुलाच्या नावात व्हाइसरॉय राहिला. त्याची डागडुजी करणाऱ्या कंत्राटदारांची नावे शोधायची तर बांधकाम खात्याच्या जुन्या मोजमाप पुस्तिका चाळाव्या लागतील. त्या जिथे शिल्लक असतील, तिथे इतिहासाच्या तरुण अभ्यासकांची वाट पाहणारे एक दप्तर आहे. प्रत्येक पानावर काम, माप, तारीख आणि एका माणसाचे नाव.