पागडी ते लिव्ह अँड लायसन्स : भाड्याच्या घराची गोष्ट



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा बहुतेकांनी आठवणी लिहायचं ठरवलेलं होतं. पाण्याची टाकी, पहिला गणपती, लिफ्टचं रामायण, सगळं वाटून झालेलं. मी म्हटलं, मी भाडेकरूंवर लिहितो. कारण आपल्या ५६ घरांपैकी आज १९ घरं भाड्यानं दिलेली आहेत आणि त्यातली बहुतेक फर्निचरसह दिलेली वन-बीएचके आहेत. दुसरं कारण शेवटी सांगतो.

मुंबईत भाड्याच्या घराची टंचाई नवी नाही. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ साली भाड्यावर लगाम घालणारा कायदा आला. पाठोपाठ १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब, वर गावाकडचा पाहुणा. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं आणि मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. या कायद्यानं भाडं सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं.

हेतू चांगलाच होता. फाळणीनंतरचा काळ, माणसं लोंढ्यानं येत होती, घरमालकांनी अडवणूक करू नये एवढाच उद्देश. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर पन्नास वर्षं चालला. पन्नास रुपये भाड्यात मालक दुरुस्ती कुठून करणार? इमारती खंगल्या, इतक्या की १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. भाड्यानं देण्यासाठी नवीन इमारत बांधणं जवळजवळ थांबलं. जुन्या खोल्यांसाठी ‘पागडी’ सुरू झाली. जो तो मालकीच्या ब्लॉकच्या मागे लागला आणि त्या व्यवहारांना शिस्त लावायला १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला.

ज्यांच्याकडे पागडीही नाही आणि ब्लॉकसाठी पैसेही नाहीत, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ ही वाट निघाली. यात भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत, फक्त राहण्याची परवानगी मिळते. पण १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. राहणाऱ्यांचं भलं झालं. पण रिकामं घर असलेल्या प्रत्येक माणसाच्या पोटात गोळा आला, की उद्या सरकारनं पुन्हा असंच केलं तर?

त्या भीतीचा अनुभव मी स्वतः घेतलाय. १९७९ साली संगमनेरहून नोकरीसाठी आलो आणि दादरला एका आजींकडे ‘पेइंग गेस्ट’ म्हणून राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, ‘कुणी विचारलं तर माझा भाचा आहेस म्हणून सांगायचं.’ माझ्या खोलीत त्यांचं एक कपाट होतं, कायम कुलूप लावलेलं. खोलीची एक चावीही त्यांच्याच कनवटीला. मला वाटे, म्हातारी संशयी आहे. पुढे कळलं की वकिलानंच तसं सांगितलं होतं. खोलीत आपलं सामान असलं, चावी आपल्याकडे असली, म्हणजे पूर्ण ताबा दुसऱ्याला दिला नाही असं दाखवता येतं. तेव्हाच्या ‘फर्निश्ड’ खोलीमागे असाही एक अर्थ होता! दर अकरा महिन्यांनी मी ट्रंक उचलून पंधरा दिवस मित्राकडे जायचो, मग नवा कागद. आजी वाईट नव्हत्या. जाताना डब्यात लाडू द्यायच्या. पण चार वर्षांत मी एकदाही दारावर माझं नाव लावलं नाही.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली आणि अखेर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आपली संस्थाही २००० सालीच नोंदली गेली, म्हणजे दोघं एकाच वयाचे. या कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडावंच लागतं. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. कुलुपं निघाली ती त्यानंतर. आता करारामागे सामानाची यादी जोडतात : पंखे तीन, गीझर एक, दिवाण, कपाट, फ्रीज, गॅसची शेगडी, पडद्यांच्या दांड्या चार. ही यादी दोघांनी मिळून तपासावी, फोटो काढावेत. अनामत परत देताना होणारी निम्मी भांडणं वाचतात.

आता कबुली. पहिली काही वर्षं मी आपल्या संस्थेचा चिटणीस होतो. भाड्यानं दिलेल्या घराला महिना हजार रुपये बिनभोगवटा शुल्क लावायचा ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं ठरलं. आपलं सेवाशुल्क तेव्हा साडेचारशे, म्हणजे शुल्क झालं पंचेचाळीस रुपये. आदेश मला माहीत होता. ‘कुणी मागितलं तर बघू’ म्हणून मी गप्प बसलो. शेवटी बदली होऊन नागपूरला गेलेल्या एका सभासदानं आदेशाची प्रत लावून पत्र पाठवलं, तेव्हा २००३ मध्ये आपण जादा रक्कम त्यांच्या बिलातून वळती केली.

पण ते हजार रुपये मुळात भरत होतं त्यांच्या घरात राहणारं एक तरुण जोडपं. ती रुग्णालयात परिचारिका, तो छापखान्यात. परवडेना म्हणून ते आधीच घर सोडून गेले होते. पैसे सभासदाला मिळाले, त्यांना नाही. पत्ता शोधायचा प्रयत्नही मी केला नाही.

या स्मरणिकेच्या शेवटी घरनिहाय सभासदांची यादी आहे. पंचवीस वर्षांत इथे राहून गेलेल्या, गणपतीत आरतीचं तबक धरलेल्या, २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्याचं सामान जिन्यावरून वर चढवणाऱ्या भाडेकरूंपैकी एकाचंही नाव त्यात नाही. कार्यालयात भिंतीवर आपलं नोंदणी प्रमाणपत्र लावलंय, ते सवडीनं वाचा. आपल्या संस्थेचा प्रकार त्यावर लिहिलाय : ‘भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था’. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी जी पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तिच्यातही घरं संस्थेची आणि सभासद हेच तिचे भाडेकरू अशीच कल्पना होती. कायद्याच्या भाषेत आपण आजही तेच आहोत.

म्हणून एकच विनंती. आपले उपविधी वाचा. घर भाड्यानं द्यायला आता संस्थेच्या परवानगीची गरज नाही, कळवणं मात्र आवश्यक आहे. कराराची प्रत कार्यालयात द्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या. आणि तळमजल्यावरच्या नावांच्या फलकावर आज जे राहतात त्यांचीही नावं लावू या. पाटी करून घ्यायचा खर्च मी देईन. तो मी फार पूर्वीच द्यायला हवा होता.