चंबळेकाठची अणुभट्टी

जयपूरहून दक्षिणेस कोट्याला जावे आणि तेथून चंबळेच्या वरच्या अंगास वळावे, म्हणजे राणा प्रताप सागर धरणाच्या शेजारी रावतभाट्याचे अणुवीज केंद्र दिसते. ते राजस्थानातच का, याचे कागदोपत्री उत्तर सोपे आहे. या प्रांताला लागणारा कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून शेकडो मैल रेल्वेने यावयाचा; आणि जेथे कोळसा दूर तेथे अणुवीज परवडेल, असा डॉ. होमी भाभा यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. परंतु केवळ स्वस्त विजेसाठी कोणताही नवस्वतंत्र देश एवढा खटाटोप करीत नसतो.

भट्टी कोणत्या जातीची घ्यावयाची, येथे खरे राजकारण होते. तारापूरसाठी 1963 साली अमेरिकेशी करार झाला. तेथील भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागे आणि ते अमेरिकेकडूनच यावयाचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रावतभाट्यासाठी कॅनडाशी करार झाला, तो मात्र नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीसाठी. असे युरेनियम आजच्या झारखंडातील जादुगुडा येथे होते; म्हणजे इंधनासाठी कोणाच्या दारी उभे राहावयास नको. अर्जेंटिनाने 1968 साली पश्चिम जर्मनीकडून अशीच भट्टी पसंत केली, तीही याच हिशेबाने. शिवाय असल्या भट्टीतून निघणारे प्लुटोनियम पुढच्या भट्ट्यांना उपयोगी आणि बाँबलाही. यातली दुसरी गोष्ट मात्र फारशी मोठ्याने बोलली जात नसे. कॅनडाचाही यात स्वार्थ होताच. डग्लस पॉइंट येथील मूळ भट्टी पुरी होण्यापूर्वीच तिची प्रतिकृती परदेशी खपत होती. उदार गुरू आणि गरजू शिष्य असे हे नाते रंगविले जाई. वस्तुतः सौदा दोघांच्याही सोयीचा होता.

रावतभाट्याची पहिली भट्टी ऑगस्ट 1972 मध्ये पेटली. 18 मे 1974 रोजी त्याच राजस्थानात पोखरणला स्फोट झाला. त्यातील प्लुटोनियम रावतभाट्याचे नव्हे, तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीचे; पण तीही कॅनडाच्याच साहाय्याने उभी राहिलेली आणि शांततेच्या कामासाठी दिलेली. भारताने स्फोटालाही शांततामय म्हटले. कॅनडाला ते पटले नाही; मदत थांबली आणि 1976 साली संबंध तुटले.

दुसरी भट्टी तेव्हा अर्धवट होती. भारतीय अभियंत्यांनी ती पुरी केली व 1981 साली तिची वीज रीतसर मिळू लागली. अडचण आली ती निराळ्याच जागी. इंधन घरचे, पण भट्टीला लागणारे जड पाणी कोठले? कोट्याचा जड पाण्याचा कारखानाही कॅनडाच्या गेल्यामुळे रखडला होता. मग ते पाणी सोव्हिएत संघाकडून घ्यावे लागले आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय तपासणीही पत्करावी लागली. म्हणजे जी परस्वाधीनता दाराबाहेर ठेवली, ती खिडकीतून आत आली.

कोट्याचा कारखाना 1985 साली सुरू झाला. पुढे जड पाणी घरच्या गरजेपुरते होऊन उरू लागले आणि भारताने ते दक्षिण कोरियालाही विकले.