नीरा खोऱ्यातील सायकलवाटा : कालवा, ऊस आणि रस्त्यावरील हक्क

प्रास्ताविक

‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचा तिसरा टप्पा २२ जानेवारी २०२६ रोजी पुरंदर तालुक्यातून निघून बारामतीत संपला. पाच दिवसांच्या आणि एकूण ४३७ किलोमीटरच्या या शर्यतीमुळे पुणे जिल्ह्यातील ग्रामीण रस्ते प्रथमच जागतिक सायकलपटूंच्या नकाशावर आले. शर्यतीचे क्रीडाविषयक महत्त्व पुष्कळ सांगितले गेले. परंतु ज्या प्रदेशातून ती गेली त्याला स्वतःचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात सायकलीचेही एक स्थान आहे. डोंगर, माळरान आणि बागायत असे तीन निरनिराळे प्रदेश एका दिवसाच्या सायकलप्रवासात येथे ओलांडता येतात. ही विविधता कोठून आली आणि तेथील वाटांवर सायकलस्वाराचा हक्क कितपत प्रस्थापित झाला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात कोऱ्हाळे बुद्रुक व परिसराच्या संदर्भात केला आहे.

इंग्लंडमधील वाटा

ग्रामीण भागातून सायकलने हिंडण्याची प्रथा इंग्लंडमध्ये रूढ झाली, म्हणून तेथील अनुभव आधी पाहणे सोयीचे ठरेल. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकल पर्यटन मंडळाने रस्त्यांची माहिती गोळा केली, धोक्याच्या उतारांवर फलक लावले आणि सभासदांसाठी खानावळी ठरवून दिल्या. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने समान चाकांची सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर तयार केला. त्यानंतर हा छंद श्रीमंत तरुणांपुरता राहिला नाही. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे सुरू झालेला ‘क्लॅरियन’ क्लब तर समाजवादी विचारांच्या लोकांचा होता. रविवारी सायकलवर बाहेर पडावे आणि खेड्यापाड्यांत पत्रके वाटावीत, असा त्यांचा रिवाज होता.

या मंडळींनी ज्या निसर्गाचे कौतुक केले तो बऱ्याच अंशी माणसाने घडवलेला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. इंग्लंडच्या मध्यभागातील कुंपणवेलींनी वेढलेल्या कितीतरी अरुंद वाटा अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील जमीनबंदिस्तीच्या कायद्यांतून निर्माण झाल्या. त्या कायद्यांनी गावकऱ्यांची सामाईक कुरणे गेली. पूर्वेकडील फेन्स या दलदलीच्या प्रदेशातील सरळ, सपाट रस्ते सतराव्या शतकापासून चाललेल्या पाणी उपशाच्या कामांचे फलित होत. कालव्यांच्या काठच्या वाटा घोड्यांनी नावा ओढाव्यात म्हणून बांधलेल्या होत्या. ब्रिस्टल ते बाथ हा प्रसिद्ध सायकलमार्ग १९७९ ते १९८६ या काळात बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर तयार झाला. सायकलस्वाराला या वाटा दुसऱ्याच्या कामातून उरलेल्या अशा मिळाल्या. मात्र १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने घोडेस्वारांसाठी राखलेल्या वाटांवर सायकल चालविण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. वाट असणे आणि वाटेवर हक्क असणे यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे आहे.

दुष्काळातून निघालेला कालवा

नीरा खोऱ्यातील वाटांचा उगम शोधू गेल्यास १८७६–७८ च्या दुष्काळापर्यंत जावे लागते. दख्खनच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात त्या दुष्काळाने जो हाहाकार माजवला त्यानंतर संरक्षक पाटबंधाऱ्यांचा प्रश्न सरकारपुढे ठळकपणे उभा राहिला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. वीर येथील बंधाऱ्यापासून निघून तो पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून पूर्वेकडे जातो. त्याला पाणी पुरविण्यासाठी भोरजवळ भाटघर येथे येळवंडी नदीवर जलाशय बांधण्यात आला. पुढे १९२८ मध्ये तेथेच मोठे लॉइड धरण पुरे झाले.

कालव्याची आखणी समपातळीच्या रेषेला धरून होते. पाणी आपल्या वजनाने वाहिले पाहिजे, परंतु उंची वाया जाता कामा नये, म्हणून त्याला अगदी थोडा उतार दिलेला असतो. टेकाड आले की कालवा त्याला वळसा घालतो, ओढा आला की मोरीवरून पलीकडे जातो. त्यामुळे कालव्याच्या भरावावरील सेवारस्ता मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट असतो. ज्या इंजिनिअरांनी तो आखला त्यांच्या मनात सायकल असणे शक्यच नव्हते, कारण आजच्या घडणीची सायकल त्याच वर्षी इंग्लंडात प्रथम विकली जात होती. तरीही चढ नाही, वळणे मंद, एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस झाडी, अशी सायकलस्वाराला हवी असलेली वाट या आखणीतून आपोआप घडली.

याच कालव्याने प्रदेशाची दोन भागांत विभागणी केली. कालवा आणि नीरा नदी यांमधील जमीन भिजते, कालव्याच्या उत्तरेकडील वरची जमीन भिजत नाही. बारामती तालुक्यातील ‘बागायत भाग’ आणि ‘जिरायत भाग’ ही नित्याची भाषा या रेषेने दृढ केली. निवडणुकीच्या सभांपासून सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत ती ऐकू येते. नीरा–बारामती रस्त्यावरील निंबूत, वाघळवाडी, कोऱ्हाळे बुद्रुक, वडगाव निंबाळकर, पणदरे, माळेगाव ही गावे या पाणीपट्ट्यातील होत. उत्तरेकडून, म्हणजे जेजुरी–मोरगाव बाजूने, मुर्टी किंवा लोणी भापकरच्या माळरानावरून येणाऱ्या सायकलस्वाराला हा फरक शब्दांत सांगावा लागत नाही. बाजरी, ज्वारी आणि बाभळींचा मुलूख मागे पडून एकदम उसाची भिंत समोर येते. मधली सीमा काही हातांची असते.

कोऱ्हाळ्याच्या शिवारात ऊस, गहू, चारापीक यांचे तुकडे एकाआड एक दिसतात. पीकबदलाच्या या व्यवस्थेलाही इतिहास आहे. कालवा सुरू झाला तरी आरंभी शेतकरी पाणी नियमित घेईनात. पाऊस चांगला झाला की मागणी घटे आणि अवर्षणात ती एकदम वाढे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी द्यायची, मात्र त्यातील एका हिश्श्यातच ऊस घ्यायचा आणि उरलेल्यात कमी पाण्याची पिके फिरवायची, असे तिचे स्वरूप होते. हा नेम पुढे सर्वत्र सारखा पाळला गेला असे नाही. उसाने आपला हिस्सा वाढवीत नेला आणि अतिपाण्याने काही जमिनी चोपणही झाल्या. प्रवाशाच्या नजरेला सुखावणाऱ्या हिरवळीत अधूनमधून जे पांढरट, ओसाड पट्टे दिसतात ते याच इतिहासाची दुसरी बाजू होत.

कालव्याच्या पाण्यावर ऊस करण्याचे धाडस प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखविणाऱ्यांत सासवडचे माळी शेतकरी होते. कऱ्हेकाठी विहिरीच्या पाण्यावर बागायत करण्याचा पिढीजात अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी नीरा कालव्यावर खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे चालविली. पुढे १९३० च्या दशकात त्यांच्याच उद्योगातून सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. सासवडकडून बारामतीकडे जाणारी ही वाट म्हणजे पुरंदरहून बारामतीला आलेल्या शर्यतीचीच दिशा होय. शंभर वर्षांपूर्वी या दिशेने गेलेली मंडळी बैलगाड्यांत बिऱ्हाड घालून पाण्याच्या शोधात निघाली होती.

कामाची सायकल

ग्रामीण महाराष्ट्रात सायकल छंद म्हणून आली नाही. आरंभीच्या सायकली रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस अशा इंग्रजी कारखान्यांच्या असत आणि सामान्य शेतकऱ्याला त्या परवडत नसत. स्वातंत्र्यानंतर मद्रासमध्ये टीआय (१९४९), सोनीपतमध्ये ॲटलस (१९५१) आणि लुधियानात हिरो (१९५६) यांनी उत्पादन सुरू केल्यावर काळी, जड, मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल खेड्यापर्यंत पोहोचली. नीरा खोऱ्यात तोच काळ सहकारी साखर कारखान्यांचा होता. माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर येथील कारखान्यांनी पगारी कामगारांचा एक वर्ग निर्माण केला. पाळी संपल्यावर कामगार सायकलवर गावी परतत. दुधाच्या किटल्या, उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या, पिठाची पोती, शाळेची दप्तरे ही सारी ओझी सायकलने वाहिली. पाटकऱ्याला आपल्या हद्दीतील चाऱ्यांवर फेरी घालण्यासाठी तिच्याइतके सोयीचे वाहन दुसरे नव्हते.

या वापराच्या नोंदी मात्र तुटपुंज्या आहेत. बैलगाडीवर आणि रेल्वेवर लिहिले गेले. सायकल इतकी नित्याची की ती कोणी टिपून ठेवली नाही. एक अप्रत्यक्ष पुरावा कायद्यात सापडतो. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतींना जे कर बसविण्याची मुभा दिली त्यांत सायकलींवरील कराचा समावेश होता. कर बसविण्याजोगी संख्या खेड्यांत होती किंवा होईल असे विधिमंडळाला वाटले, एवढे यावरून म्हणता येते. सायकलस्वाराकडून कर घ्यावा हे सुचले, त्याच्यासाठी रस्त्याचा एक पट्टा राखावा हे सुचले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि २१ टक्के कुटुंबांकडे स्कूटर, मोटारसायकल किंवा मोपेड होती. २००१ च्या तुलनेत सायकलींचे प्रमाण जेमतेम एका टक्क्याने वाढले, दुचाकी वाहनांचे जवळजवळ दुप्पट झाले. उसाच्या पैशाने सुस्थित झालेल्या बागायत पट्ट्यात हा बदल अधिक ठळकपणे जाणवतो. कमावता पुरुष मोटारसायकलवर गेला. सायकल राहिली ती शाळकरी मुलांकडे, शेतमजुरांकडे आणि वृद्धांकडे, म्हणजे रस्त्यावर ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण त्यांच्याकडे.

शर्यत आणि रस्ता

गळीत हंगामात, दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, नीरा–बारामती रस्त्याचे रूप पालटते. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या, दोन्ही बाजूंस बाहेर आलेला ऊस, आणि अनेकदा मागे दिवा किंवा परावर्तकही नाही. सायकलस्वाराला डांबराची कड सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते, आणि पावसाने खचलेली साइडपट्टी ही सायकलची जागा मानता येणार नाही. नेमक्या याच हंगामात, जानेवारीत, शर्यत झाली. तिच्यासाठी रस्त्यांची डागडुजी झाली आणि शर्यतीच्या वेळेपुरती वाहतूक थांबविण्यात आली. काही तास का होईना, सायकलसाठी इतर वाहनांनी थांबावे ही गोष्ट या भागाच्या इतिहासात नवीन होती. दुरुस्त झालेल्या गुळगुळीत रस्त्याचा लाभ सर्वांना मिळतो हे खरेच, पण गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढतो हेही तितकेच खरे.

या परिस्थितीत कालव्याच्या सेवारस्त्याकडे पुन्हा पाहावे लागते. तो अस्तित्वात आहे, सपाट आहे, आणि मुख्य रस्त्यावरील गावांच्या जवळून जातो. मात्र त्याचे स्थान पाटबंधारे खात्याच्या देखभालीची वाट एवढेच आहे. काही ठिकाणी तो झाडोऱ्याने बुजतो, काही ठिकाणी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी फुटतो आणि कालव्याच्या बाजूस कठडा नसल्याने अंधारात धोक्याचा ठरतो. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा काय किंवा १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम काय, दोन्ही कालव्याचे रक्षण आणि पाण्याचे वाटप यांसाठी झाले. भरावावरून जाणारा सायकलस्वार त्यांच्या विचारात नव्हता. इंग्लंडमध्ये १९६८ साली जे एका कलमाने साधले त्यासाठी येथे पाटबंधारे खाते, सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांना एकत्र बसावे लागेल. शर्यतीच्या निमित्ताने प्रशासनाची वेगवेगळी खाती एका कामासाठी एकत्र आली, त्यामुळे ही गोष्ट अशक्य कोटीतील म्हणता येणार नाही. तूर्त सकाळी शाळेच्या वेळी कोऱ्हाळ्याच्या रस्त्यावर निघालेली मुले ट्रॉलीचा आवाज ऐकून सायकलवरून उतरतात, ट्रॉली पुढे जाऊ देतात आणि मग पुन्हा टांग मारतात.