‘प्रसार’ या एका शब्दाचा माग

आमच्या धर्मग्रामातील कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने मिस्सानंतर आम्हांस विचारले, “फादर, संविधानाच्या २५ व्या कलमात धर्माचा ‘प्रसार’ करण्याचा हक्क आहे. तो शब्द कोणी आणला?” आम्ही क्षणाचाही विलंब न लावता “फादर जेरोम डिसोझा” असे सांगून मोकळे झालो. सेमिनरीत आम्ही तसेच ऐकले होते. “कोणत्या दिवशीच्या चर्चेत, फादर?” या त्याच्या पुढच्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते.

संविधान सभेच्या चर्चेचे बारा खंड पूर्वी मोठ्या ग्रंथालयातच पाहावयास मिळत. आज तीच चर्चा संगणकावर दिवसवार, वक्तावार व कलमवार शोधता येते. आम्ही मोठ्या उत्साहाने ‘कलम २५’ असे टंकित केले आणि समोर आले ते भलतेच! मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याच्या हक्काविषयीची ती चर्चा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटले, तेच ते कलम. आज त्याचा क्रमांक ३२ आहे. मसुद्यात तो २५ होता. धर्मस्वातंत्र्याचे आजचे २५ वे कलम मसुद्यात १९ वे होते. सूची आपल्याला हे आपण होऊन सांगत नाही. जुना क्रमांक ठाऊक नसेल तर समोर उघडे पडलेले पानही सापडत नाही. नावांचीही तीच गत. ‘डिसोझा’ या आडनावातील इंग्रजी स्वल्पचिन्ह एके ठिकाणी असते, दुसरीकडे नसते; आणि यंत्राला ही दोन माणसे वाटतात.

अखेर ६ डिसेंबर १९४८ ची चर्चा हाती लागली. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते. हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ. परंतु त्या आसनावर बसलेल्याने वादात पडावयाचे नसते. ताजमुल हुसेन यांना धर्म खाजगी आचरणापुरताच राहावा असे वाटत होते. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांचा तर ‘प्रसार’ या शब्दालाच कडाडून विरोध होता. हा हक्क दिल्यास हिंदू संस्कृतीच्या नाशाची वाट मोकळी होईल, असे त्यांचे म्हणणे.

आणि या शब्दाच्या बाजूने कोण उभे राहिले? बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र, मद्रासचे एल. कृष्णस्वामी भारती व टी. टी. कृष्णम्माचारी, मुंबईचे कन्हैयालाल मुन्शी. चौघेही हिंदू. मैत्र म्हणाले की प्रसार म्हणजे तलवार वा जबरदस्ती नव्हे. आपली श्रद्धा समजावून सांगण्यास आडकाठी का असावी? मुन्शींनी सांगितले की ख्रिस्ती समाजाने या शब्दाचा आग्रह धरला तो आक्रमक धर्मांतरासाठी नव्हे, तर तो त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे म्हणून. हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचे फळ आहे, तो मोडू नये.

कृष्णम्माचारींचे भाषण आम्ही दोनदा वाचले. आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, ही त्यांची साक्ष वाचून ऊर भरून आला. पण पुढे ते म्हणतात की अस्पृश्य माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला बरोबरीचा दर्जा मिळतो, म्हणूनही धर्मांतरे झाली. येथे आम्ही थबकलो. बरोबरी खरोखर मिळाली काय? दक्षिणेतील कित्येक चर्चमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांसाठी बसण्याची जागा वेगळी होती, दफनभूमीही वेगळी होती. कृष्णम्माचारींनी आपल्याला दिलेले हे प्रशस्तिपत्र आपण पूर्णपणे कमावलेले नव्हते.

मग मूळ मागणी कोणाची? ती सभागृहाच्या चर्चेत शोधून उपयोग नाही, कारण ती सभागृहाबाहेर झाली. एप्रिल १९४७ मध्ये अल्पसंख्याकविषयक उपसमितीत मद्रासचे एम. रत्नस्वामी या कॅथलिक विद्वानांनी, काही धर्मांचा प्रसार हा स्वभावच आहे, म्हणून तशी तरतूद हवी, असे मांडले. उपसमितीचे कामकाज निराळ्या कागदपत्रांत आहे. १ मे १९४७ रोजी सभागृहात पुरुषोत्तमदास टंडन यांनी धर्मांतर आपल्याला अनुचित वाटते असे स्पष्ट सांगितले, तरीही ख्रिस्ती मित्रांच्या आग्रहाखातर हा शब्द मान्य केला. मत न पटताही दिलेला शब्द! पुढे १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. मुन्शींचे भाषण वाचल्यावर त्या निर्णयाकडे आम्ही थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागलो आहोत.

पुढच्या रविवारी आम्ही त्या तरुणाला आमची चूक कबूल करून ही सर्व नावे सांगितली. “आणि फादर जेरोम?” त्याने विचारले. आम्ही त्याला मे १९४९ च्या चर्चेचे पान काढून दिले. मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे हे येशूसंघीय प्राचार्य तेथे बोलले आहेत, पण ते काही मागण्यासाठी नव्हे. ख्रिस्ती समाजासाठी विधिमंडळात असलेल्या राखीव जागा सोडून देण्यास त्यांनी पाठिंबा दिला आहे.